उत्तराचे ऋण

कलाकृती पुरी होऊन रसिकांच्या हाती पडली, म्हणजे कर्त्याचे काम संपले काय? रसिकाने तक्रार केली तर तिला उत्तर देणे हे कर्त्याचे कर्तव्य, की केवळ सौजन्य? हे प्रश्न आमच्या साहित्यविचाराला नवे नाहीत. परंतु गेल्या गणेशोत्सवात ते ज्या वाटेने आमच्यापुढे आले, ती वाट आमच्या पिढीच्या वाचकांना काहीशी अनोळखी वाटेल. ते आले एका व्हिडिओ गेमच्या निमित्ताने, आणि तेही फरीदाबादच्या मराठी मंडळाच्या मांडवात.

आमचा भाचा येथील एका महाविद्यालयात शिकतो. वय एकोणीस. शाळकरी मुलांच्या शिकवण्या करून तो चार पैसे मिळवतो, आणि त्यांतूनच त्याने तीन वर्षांपूर्वी एक गेम विकत घेतली होती. अभ्यास आटोपला की रात्री तासभर तो ती खेळे. खेळता खेळता तिच्यात त्याने पुष्कळ काही कमावले होते. नव्याने येणाऱ्या पोरांना तिच्यातील खाचाखोचा समजावून सांगण्याचे कामही त्याने हौसेने अंगावर घेतले होते. एके दिवशी कंपनीने गेममध्ये बदल केले, आणि तीन वर्षांची ती कमाई एका रात्रीत निरुपयोगी ठरली. भाच्याने कंपनीला चार वेळा लिहिले. चारही वेळा एकच छापील मजकूर आला, की आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो. पाचव्या वेळी, ज्याचा आवाज घरात कधी चढलेला आम्ही ऐकला नाही त्या मुलाने, कंपनीच्या नावाने चारचौघांत वाचवणार नाहीत अशा शिव्या लिहून सर्वांना दिसतील अशा ठिकाणी टाकल्या. वर आम्हाला दाखवून म्हणाला, “मामा, आता तरी कोणीतरी वाचेल.”

त्याच संध्याकाळी आरतीनंतर खिरापत घेताना मंडळातील एका तरुणाची गाठ पडली. तो गुरुग्रामच्या एका दुसऱ्याच गेम कंपनीत नोकरीला आहे. खेळणारे लोक जे जे लिहितात ते वाचावयाचे आणि कंपनीच्या वतीने उत्तर द्यावयाचे, हे त्याचे काम. भाच्याचा पराक्रम आम्ही त्याला सांगितला. तो हसला नाही. म्हणाला, “काका, शिव्यांचं आता काही वाटत नाही. वाटतं ते निराळंच. मी रोज उत्तरं देतो, आणि माझ्यापाशी उत्तर नसतं. वर विचारलं तर म्हणतात, काहीतरी गोड लिहून टाक.”

एकाला उत्तर मिळत नाही. दुसऱ्याला ते जवळ नसताना द्यावे लागते. दोघेही आमचीच मुले, एकाच मांडवात बसलेली. त्या रात्री आम्हाला या गोष्टीचा विचार करणे भाग पडले.

वाचकहो, ‘खेळच तो, त्याचे एवढे काय’ असे म्हणून हा विषय बाजूला सारणे सोपे आहे. आम्हीही प्रथम तसेच म्हणणार होतो. परंतु हरिभाऊ आपट्यांची आठवण झाली आणि जीभ आवरली. 1890 मध्ये हरिभाऊंनी जे साप्ताहिक सुरू केले, त्याचे नावच मुळी ‘करमणूक’ होते, आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तेव्हा करमणूक म्हटली की ती क्षुल्लकच असली पाहिजे, असे निदान मराठी माणसाने म्हणू नये. पुन्हा, पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक आणि पुढचे प्रकरण अद्याप लिहावयाचे असलेला लेखक यांचे नाते, पुऱ्या बांधीव ग्रंथाच्या वाचकाचे असते त्याहून निराळे असते. कर्त्याची लेखणी अजून कागदावर आहे हे वाचकाला ठाऊक असते. म्हणून तो बोलतो, आणि आपले बोलणे ऐकले जाईल अशी आशा बाळगतो.

आजच्या गेमची जातही अशीच क्रमशः चालणारी आहे. विकली जाते तेव्हा ती बहुधा पुरी झालेली नसते; महिन्यामहिन्याने तिच्यात भर पडते, चुका दुरुस्त होतात, नियम बदलतात. मात्र येथे एक मोठा फरक आहे. हरिभाऊंना नवे प्रकरण लिहिताना वाचकाच्या फडताळातील जुना अंक बदलता येत नव्हता. गेम करणाऱ्यांना तो बदलता येतो. काल पैसे मोजून घेतलेली वस्तू आज रात्री, घेणाऱ्याला न विचारता, त्याच्याच घरात निराळी होऊन बसते. इतकी सत्ता कोणत्याही ग्रंथकाराच्या, नाटककाराच्या किंवा चित्रकाराच्या हाती कधी आली नव्हती. आणि जेथे सत्ता वाढते तेथे उत्तर देण्याचे बंधनही वाढते, हा न्याय राज्यकर्त्याला लागू असेल तर तो कलावंताला का लागू नसावा?

ज्या गावात बसून आम्ही हे लिहीत आहोत, त्याचा इतिहास या ठिकाणी उपयोगी पडतो. फाळणीनंतर बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट, पेशावर अशा सरहद्दीकडील भागांतून आलेल्या निर्वासितांसाठी 1949 पासून येथे एक नवे औद्योगिक नगर वसवले गेले. त्याच भागाला आजही सर्वजण एन.आय.टी. म्हणतात. नगर उभारणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते. पंडित नेहरू त्याच्या बैठकींना जातीने येत. आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनचे कार्यकर्ते निर्वासितांत मिसळून काम करीत. सरकारी खात्याचा रिवाज असा, की ठेकेदाराने घरे बांधावीत आणि लोकांनी त्यांत राहावयास जावे. निर्वासितांनी तो मानला नाही. आमची घरे आम्हीच बांधू, असा आग्रह त्यांनी धरला, सहकारी संस्था काढल्या, आणि ज्यांनी जन्मात वीट हाती धरली नव्हती त्यांनी भिंती उभ्या केल्या. लक्ष्मीचंद जैन यांनी 1998 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ही सारी हकीगत सांगितली आहे. पुढे कारभार सरकारी खात्यांच्या हाती गेला आणि सहकाराचा तो प्रयोग विरून गेला, हेही त्याच हकीगतीत आहे.

निवाऱ्याचे घर आणि विरंगुळ्याची गेम एकाच तागडीत घालण्याचा आमचा विचार नाही. परंतु ज्याच्या हातची वीट भिंतीत बसली आहे, तो भिंतीकडे परक्याच्या नजरेने पाहू शकत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे खरी आहे. गेमचे चाहते तिच्यातील दोष शोधून कळवतात, नवख्यांना शिकवतात, तिच्याविषयी लिहितात, तिला माणसे मिळवून देतात. हे श्रम कोणी त्यांच्यावर लादले नव्हते हे कबूल. म्हणून त्यांना मालकी मिळते असेही आम्ही म्हणत नाही. पण विचारण्याचा हक्क त्यांना निश्चित मिळतो; आणि विचारण्याच्या हक्काची दुसरी बाजू म्हणजे उत्तराचे ऋण.

हे ऋण कसे बुडवले जाते आणि कसे फेडले जाते, याची उदाहरणे जगात पुष्कळ घडली आहेत. इंग्लंडातील गिल्डफर्ड गावच्या हॅलो गेम्स या छोट्या स्टुडिओने ऑगस्ट 2016 मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ ही गेम प्रसिद्ध केली. अगणित ग्रहांचे विश्व त्यांनी निर्माण केले होते. प्रसिद्धीपूर्वी स्टुडिओचे प्रमुख शॉन मरे यांनी मुलाखतींतून पुष्कळ काही सांगितले. या विश्वात एका खेळाडूला दुसरा भेटू शकेल, असाही लोकांचा समज त्यांतून झाला. गेम येताच दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी जाऊन उभे राहिले. त्यांना एकमेक दिसले नाहीत. तेथून संतापाची लाट उसळली, आणि स्टुडिओने मौन धरले. नोव्हेंबरमध्ये पहिली मोठी सुधारणा येईपर्यंत ते जवळजवळ सुटले नाही. पुढे मात्र त्यांनी एकही पैसा न घेता वर्षानुवर्षे सुधारणा केल्या; जुलै 2018 मध्ये खेळाडू एकमेकांना खऱ्या अर्थाने भेटू लागले; आणि ज्या गेमवर लोकांनी निंदेचा वर्षाव केला होता, तिच्याविषयीचा सर्वसाधारण अभिप्राय 2024 च्या अखेरीपर्यंत अत्यंत अनुकूल झाला.

ही कथा सांगून पुष्कळजण म्हणतात, की पाहा, बोलू नये, काम करावे. आम्हाला हे तात्पर्य अर्धेच पटते. कामाने प्रायश्चित्त झाले यात शंका नाही. पण त्या पहिल्या महिन्यांत ज्यांनी पैसे मोजले होते, त्यांना आपण फसवले गेलो आहोत की केवळ थांबावयाचे आहे, हे कळण्यास काहीच मार्ग नव्हता. फसवणूक आणि विलंब यांतील फरक कर्त्याला माहीत असतो. दुसऱ्याला तो सांगितल्यावाचून कळत नाही. शिवाय येथे मूळ दोष मौनाचा नव्हता, आधीच्या भरमसाट बोलण्याचा होता. जे झाले नाही ते झाल्यासारखे सांगितले, आणि जे झाले ते सांगण्याची वेळ आली तेव्हा वाचा बसली.

याच्या उलट उदाहरण जपानचे. स्क्वेअर एनिक्स कंपनीची ‘फायनल फँटसी’ मालिकेतील चौदावी गेम सप्टेंबर 2010 मध्ये आली आणि सपशेल कोसळली. डिसेंबरमध्ये कंपनीने जाहीर क्षमा मागितली, आणि नाओकी योशिदा या गृहस्थांकडे सारा कारभार सोपवला. त्यांनी खेळाडूंना पत्रे लिहिण्याचा परिपाठ ठेवला. काय बिघडले आहे, काय दुरुस्त होईल, काय होणार नाही, हे ते त्यांत सांगत. नोव्हेंबर 2012 मध्ये ते मोडके जग खेळाडूंच्या डोळ्यांदेखत उल्कापाताने नष्ट झाल्याचे दाखवून बंद करण्यात आले, आणि ऑगस्ट 2013 मध्ये नवे जग उघडले. अपयशाची कबुली देऊनही माणसे टिकतात. किंबहुना कबुली दिल्यामुळेच ती टिकतात, हे येथे दिसून आले.

तिसरा प्रकार गोड शब्दांचा, आणि आमच्या मते तो मौनाहूनही वाईट. नोव्हेंबर 2017 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या अमेरिकन कंपनीच्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2’ या गेमविषयी खेळाडूंनी तक्रार केली, की पूर्ण किंमत मोजूनही त्यातील नामांकित पात्रे मिळवण्यासाठी कित्येक तास राबावे लागते. कंपनीच्या वतीने उत्तर आले, की खेळाडूंना काही कमावल्याचा अभिमान वाटावा, हाच यात हेतू आहे. या उत्तरावर सहा लाखांहून अधिक लोकांनी नापसंती नोंदवली, आणि शेवटी कंपनीला माघार घ्यावी लागली. लोक चिडले ते तासांमुळे, हे खरे. पण अधिक चिडले ते उत्तरामुळे. मौन धरणारा समोरच्याला निदान टाळतो. गोड बोलणारा त्याला मूर्ख समजतो. भाच्याला आलेले ते चार छापील मजकूर याच जातीचे होते.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो गंभीर आहे. कर्त्याने उत्तर द्यावयाचे म्हणजे लोकांच्या मागण्या मान्य करावयाच्या काय? तसे झाले तर कलेचे काय होईल? संगीत नाटकांच्या ऐन भरात वन्समोअरवर वन्समोअर पडत, नट ते घेत, आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबे. त्यात रसिकतेचा आनंद होता, पण नाटक म्हणून त्याची वीण उसवत असे, हेही जाणते लोक सांगत. उलटपक्षी, 1972 मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले तेव्हा गहजब करणाऱ्यांचे ऐकून तेंडुलकरांनी लेखणी फिरवली असती, तर मराठी रंगभूमीचे केवढे नुकसान झाले असते! तेव्हा आज्ञापालन हे उत्तर होऊच शकत नाही. ‘तुमचे म्हणणे आम्ही ऐकले, ते आम्ही करणार नाही, आणि त्याचे कारण हे’ हे पुरे उत्तर आहे. नकारातही माणसाचा मान राहतो, मात्र त्यात कारण असले पाहिजे. कारण सांगितल्याने कर्त्याचे स्वातंत्र्य उणावत नाही. कारण ज्याला सांगता येत नाही, त्याने ते एकदा स्वतःशीच तपासून पाहावे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण रसिकांचेही काही ऋण असते. जो मोठ्याने बोलतो तोच समुदाय, असे नव्हे. खेळणाऱ्यांतील बहुसंख्य काहीच लिहीत नाहीत. मूठभर लोक त्यांच्या नावाने बोलतात, आणि त्यांतलेही काही थोडे ओरडतात. ओरडणाऱ्याला वाटते, आपला दगड कंपनीच्या अंगावर पडला. कंपनीला अंग नसते. तो दगड पडतो गुरुग्रामच्या एका खोलीत बसलेल्या, महिन्याच्या पगारावर राबणाऱ्या मुलावर. निर्णय त्याने घेतलेला नसतो, बदलण्याचा अधिकार त्याला नसतो. दूताला मारू नये हा राजनीतीतील जुना संकेत. रावणासारख्यालाही बिभीषणाने तो सुनावला होता. आमच्या सुशिक्षित मुलांना तो नव्याने शिकवावा लागावा, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

सबुरीने काय साधते याचे उदाहरण आमच्याच पुण्यात आहे. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा स्टुडिओने ‘राजी’ ही भारतीय पुराणकथांवर आधारलेली गेम करावयास घेतली, आणि तिच्यासाठी लोकांकडून वर्गणी मागितली. ठरवलेली रक्कम जमली नाही. पण गेमचा एक छोटा नमुना त्यांनी लोकांपुढे ठेवला होता. केवळ शब्दांवर विश्वास ठेवा असे म्हटले नव्हते. काम पुढे चालले आणि 2020 मध्ये गेम जगापुढे आली. तिचे कौतुक झाले. तिचा शेवट फार अकस्मात होतो अशी टीकाही झाली. पुढे सुधारित आवृत्ती निघाली, आणि तीत हिंदी संवाद आले. आपली कथा आपल्या बोलीत ऐकू येणे हेही लोकांना दिलेले एक उत्तरच आहे. मराठीत असे उत्तर केव्हा मिळेल, हा प्रश्न बृहन्महाराष्ट्रातील वाचक आमच्याइतक्याच उत्सुकतेने विचारतील.

उत्तराची सर्वांत मोठी कसोटी मात्र शेवटाच्या वेळी लागते. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीची ‘द क्रू’ ही मोटार शर्यतीची गेम 2014 मध्ये विक्रीस आली. ती कंपनीच्या यंत्रांशी जोडलेली असल्याखेरीज चालत नसे. 31 मार्च 2024 रोजी ती यंत्रे बंद झाली, आणि ज्यांनी ती विकत घेतली होती त्या सर्वांच्या घरी ती एकदम मृत झाली. त्यातून युरोपात एक चळवळ उभी राहिली, आणि जुलै 2025 पर्यंत तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. या लोकांचे म्हणणे असे नाही, की कंपनीने गेम अनंतकाळ चालवावी. विकत घेतलेली वस्तू कंपनी निघून गेल्यावरही कोणत्या ना कोणत्या रूपात चालू राहावी, अशी तजवीज करा, एवढेच ते म्हणतात. देहाला अंत आहे हे आम्हा सर्वांना मान्य आहे. पण निरोप न घेता जाणे हे कोणत्याही समाजात असभ्यच मानले जाते.

तेव्हा आमच्या मते कर्त्याचे कर्तव्य तीन गोष्टींत सामावते. जे झाले आहे तेच सांगावे, आणि जे मनात आहे ते केवळ मनात आहे असे म्हणूनच सांगावे. नकार द्यावयाचा तर सकारण द्यावा. आणि ज्याला आपल्या वतीने बोलावयास बसवले, त्याच्या हाती गोड शब्दांऐवजी खरी माहिती द्यावी. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित, आणि तिच्यावाचून पहिल्या दोन्ही निष्फळ.

हे इतके लिहून झाले, आणि आम्हाला आमच्या टेबलाचा डावा खण आठवला. त्या खणात वाचकांची पत्रे आहेत. त्यांत इंदूरच्या एका वृद्ध वर्गणीदाराचे पत्र आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही परप्रांतीय मराठी स्त्रियांच्या आठवणींचा एक विशेषांक काढण्याचे याच पानांवर जाहीर केले होते. त्या गृहस्थांनी आपल्या आईच्या हस्तलिखित वहीतील बारा पाने उतरवून पाठवली, आणि पुढे तीन पत्रांतून विशेषांक केव्हा निघणार, एवढेच विचारले. पैसे जमले नाहीत, लेख आले नाहीत, आणि विशेषांक निघणार नाही हे आम्हाला दीड वर्षापूर्वीच कळून चुकले होते. आम्ही त्यांना काहीच कळवले नाही. वाईट बातमी सांगण्याचा कंटाळा, दुसरे काय! त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, म्हणून त्यांचे पत्र खालीच राहिले. म्हणजे भाच्याचा जो समज झाला होता, की ओरडल्यावाचून कोणी वाचत नाही, तो त्याला कंपनीने शिकवला तसाच आम्हीही कोणाला तरी शिकवत होतो.

तो विशेषांक निघणार नाही. त्यांच्या मातोश्रींची पाने आम्ही पुढील अंकात छापत आहोत, आणि तसे पत्र काल टाकले आहे.

विसर्जनाच्या मिरवणुकीत भाचा आणि तो गुरुग्रामचा तरुण बराच वेळ बरोबर चालत होते. दोघांत काय बोलणे झाले ते सारे आम्हाला ऐकू आले नाही. ढोल फार जोरात वाजत होते. परत येताना भाच्याने सांगितले, की आपण लिहिलेले ते काढून टाकले आहे, आणि पाचवे पत्र नव्याने लिहिले आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.